प्लास्टिकातले कॉम्प्युटर

"किल्ली द्या की सर, शनवार हाय, पोरं थांबल्यात," एवढंच म्हणाला भरमू, आन् शाळेच्या पायरीवर छाती धरून बसला. दवाखान्यात न्हेईपातूर सगळं संपलं हुतं.

जयाबाईला हे पोरांनी येऊन सांगितलं. भरमू तिचा धाकटा भाऊ. वडगावात साडीच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर काढायचा. कागदाचं काम गेलं तसा कॉम्प्युटरवर नक्षी शिकला. आन् मग शनवारी शाळेत फुकट जायाला लागला, पोरांस्नी शिकवायला.

"काय शिकवतोस रं एवढं?" तिनं एकदा इचारलं.

"कुयरी, आक्का. एक काढायची. तीच बारीक करून तिच्या पोटात बसवायची. परत तिच्या पोटात तीच. कॉम्प्युटर थकत न्हाय, पोरंबी थकत न्हाईत. फ्रॅक्टल म्हणत्यात त्याला."

"आन् तू कवा थकणार?"

नुसता हसला. जायच्या आधी चार दिस छातीत दुखत हुतं त्याच्या. डाक्टरकडं जा म्हटलं तर म्हणाला, शनवार होऊ दे. त्याचा राग हायच तिला. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणत्यात. म्हणू द्यात.

पण हेडसराचा राग त्याहून लई. शाळेला दहा कॉम्प्युटर आलते, भरमू त्यावरच शिकवायचा. साहेब तपासायला येणार, तवर नवं दिसाय पायजेत म्हणून ह्या बाबानं वर प्लास्टिक घालून खोलीला कुलूप लावलं. दोन म्हैने झाले, साहेब काय आला न्हाय. भरमू दर शनवारी किल्ली मागायचा, ह्यो "बघू" म्हणायचा. त्या दिशी तर अर्धा तास उन्हात उभा केला त्याला.

बाराव्याला हेडसर आला. हातात भरमूचा फोटो, फ्रेम केलेला, वरचं प्लास्टिक तसंच.

"लई गुणी माणूस हो. आमच्या शाळेचा आधार..."

"ह्येबी झाकूनच आणलंय व्हय?" जयाबाईनं टराटरा प्लास्टिक फाडलं.

पंगत बसली. भात वाढत वाढत ती हेडसरापाशी आली आन् थांबली.

"वाढ की," शेजारचा ज्योतिबा हळूच म्हणाला. "बाराव्याचं पान रिकामं ठेवू नये, आक्का."

"काय ठेवू नये ते मला नको शिकवूस. सर, किल्ली."

पंगतीचे हात थांबले. "त्याला वरनं ऑर्डर लागती..." हेडसर पुटपुटला. जयाबाई त्याच्या पानापुढनं हलली न्हाय. शेवटी त्यानं खिशातनं जुडगा काढला, एक किल्ली सोडवली आन् पत्रावळीच्या कडंला ठेवली.

जयाबाईनं ती पदराच्या गाठीत बांधली. गाठ दातानं आवळली. मग भात वाढला.

"जेवा आता," म्हणाली.