तिसऱ्या घरचं जेवण

आमच्या मंडळीनं पाळकाला कधी उपाशी परत पाठवलं नाही. हे वाक्य मी स्वतः कितीतरी बैठकांत छाती काढून बोललो आहे. आज ते लिहिताना तोंडात तेलकट चव येते.

ताडकळसच्या पुढं उतरून थोडं आत चाललं की आमचं गाव. ख्रिस्ती घरं मोजकीच, पत्र्याचं लहानसं चर्च. मी शाळामास्तर आणि मंडळीचा सेक्रेटरी. पाळकसाहेब परभणीला राहायचे, आठ-दहा गावं सांभाळायचे, आणि महिन्यातल्या एका रविवारी एस.टी.नं आमच्याकडं यायचे. उपासना झाली की त्यांना जेवू घालायचं, हा आमच्याकडचा जुना रिवाज.

पूर्वी हे जेवण काकांच्या घरी असायचं. काका म्हणजे माझे चुलते, मंडळीतले सगळ्यांत जुने पंच. त्यांच्या समोरच एक रिटायर कंडक्टर राहतात. जन्म गाडीत गेल्यामुळं त्यांचा आवाज अजूनही मागच्या सीटपर्यंत पोचेल असाच असतो. एका बैठकीत ते उठले आणि आमच्या चुलीला काय इटाळ हाय का, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, चुलीला न्हाई, पण चुलीपुढं बसणाराला पाहुण्याशी बोलायची रीत पायजे. मग जे व्हायचं ते झालं. दोघांच्या बायका रडल्या, कुणीतरी स्तोत्रांचं पुस्तक आपटलं.

भांडण झालं की माझ्या पोटात गोळा येतो. लहानपणापासूनच. तो गोळा जावा म्हणून मी काहीही कबूल करतो. त्या दिवशी मी तोडगा काढला: साहेबांनी काकांकडं नाश्ता करावा, कंडक्टरकडं जेवण करावं, आणि शेवटच्या गाडीच्या आधी माझ्याकडं दोन घास खावेत. माझं घर मी मध्ये का घातलं? सेक्रेटरी मागं राहिला असं दिसू नये म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांना कुणी विचारलं नाही.

नाश्ता म्हणजे पोहे, उकडलेली अंडी आणि वर तूप तरंगणारा शिरा. कंडक्टरकडं कोंबडी, रस्सा, भात, आणि भात संपला की परत रस्सा. आणि माझ्याकडं दोन घास म्हणजे मटण. कंडक्टरकडं कोंबडी म्हटल्यावर माझ्याकडं पिठलं कसं चालेल? बायको पहाटे उठून मसाला वाटायची. धुरानं तिचे डोळे लाल व्हायचे. चर्चमध्ये ती माझ्या शेजारच्या ओळीत बसून पेंगायची, आणि मी तिच्याकडं रागानं बघायचो. उपासनेहून आल्यावर मी आधी पातेल्याचं झाकण काढून तर्री बघायचो. तर्री कमी दिसली तर म्हणायचो, लोक काय म्हणतील.

साहेबांना शुगर होती. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते पहिल्या घरी सांगायचे, तिथं काका म्हणायचे की एका दिवसानं काय होतंय. दुसऱ्या घरी सांगायचे, तिथं कंडक्टर म्हणायचे की काकाकडं चाललं, आमच्याकडंच शुगर वाढती व्हय. माझ्या घरी येईपर्यंत ते सांगायचं सोडून द्यायचे. मोठ्या अंगाचा, मऊ आवाजाचा माणूस. नाही म्हणायला लाजणारा. त्या बाबतीत आम्ही दोघं सारखे होतो.

चर्चला द्यायच्या दशांशाचं, कमाईच्या दहाव्या हिश्श्याचं, पाकीट मी वीजबिलासारखं भरत आलो आहे. तारीख चुकू नये, एवढीच त्यात भक्ती. पण जेवणाची गोष्ट वेगळी. पाकीट कुणाला दिसत नाही. मटणाचा वास गल्लीभर जातो.

एका रविवारी साहेबांनी देण्यावरच प्रवचन केलं. आपल्याजवळचं सगळं देवाचं, आपण फक्त सांभाळणारे. आणि जे कुढत दिलं ते देवापर्यंत पोचत नाही, वाटेतच आंबतं, असं ते म्हणाले. चांगलं बोलले. मी पुढच्या ओळीत बसून मान हलवत होतो. त्याच दुपारी कंडक्टरकडून ते माझ्याकडं आले, हात धुवायला म्हणून मागं गेले, आणि बराच वेळ झाला तरी आले नाहीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेलो.

न्हाणीच्या पलीकडं पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, ढीग होता. त्याच्या आडोशाला साहेब वाकून उभे होते. एक हात भिंतीला, दुसऱ्या हाताची दोन बोटं घशात. पांढऱ्या शर्टाला लागू नये म्हणून पाय फाकलेले. खाली जे पडलं होतं त्यात भाताची शितं ओळखू येत होती. कोंबडीचा रस्सा होता, आणि आंबूस वासाच्या खाली काकांच्या शिऱ्यातली वेलची. एक मांजर जवळ येऊन बसली होती.

त्यांनी मला पाहिलं. रुमालानं तोंड पुसलं. डोळ्यांतून पाणी येत होतं.

“वहिनींनी पहाटेपासून केलेलं असतं,” ते म्हणाले. “ते टाकून कसं जायचं? म्हणून जागा केली. कुणाला बोलू नका मास्तर.”

नाही बोलणार, असं मी म्हणालो. त्यांच्या हातावर पाणी घातलं. आम्ही आत आलो. ते ताटावर बसले, डोळे मिटले, अन्नाबद्दल देवाचे आभार मानले. बायकोनं जपून वाढलं. तिनं हात आखडला असं वाटून मी म्हणालो, “अजून वाढ. साहेबांना लाजायला लावू नको.”

हे मी बघून आल्यानंतर म्हणालो. भिंतीपलीकडं ते सगळं अजून ओलं होतं.

पुढच्या महिन्यात मी न्हाणीपाशी आधीच भरलेला तांब्या नेऊन ठेवला. त्याच्या पुढच्या महिन्यातही. एक जुना नॅपकिनही खुंटीला लावला. साहेब मागं जायचे, मी ओसरीवर बसून कुणी तिकडं जाणार नाही असं बघायचो, कंडक्टरचा नातू खेळत आला तर त्याला हाकलायचो. नंतर साहेबांच्या पाठीमागं जाऊन माती ओढायचो. मला उमासा यायचा. तरी मी ते करायचो, आणि मनात म्हणायचो की मी एका माणसाची लाज झाकतो आहे. मी याला सेवा समजत होतो. बायकोनं एकदा विचारलं की तांब्या तिकडं कशाला. साहेबांना पाय धुवायला लागतात, असं मी सांगितलं.

बंद करा, एवढा एक शब्द पुरला असता. तो बोललो असतो तर काकांना राग आला असता, कंडक्टरनं तमाशा केला असता, आणि माझ्या पोटात गोळा आला असता. तो येऊ नये म्हणून मी दुसऱ्याचं पोट वापरलं.

मग साहेबांच्या पायाला चप्पल लागून जखम झाली आणि ती भरेना. त्यांना परभणीला दवाखान्यात ठेवलं. बोट काळं पडलं होतं. पाय वाचतो की नाही हे दोन दिवसांत कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. हे ऐकून आम्ही सगळे भेटायला निघालो. आणि खरं सांगतो, तिन्ही घरांनी डबे घेतले. माझ्याही बायकोच्या हातात डबा होता, कारण मीच तिला म्हणालो होतो की बाकीचे नेतील तेव्हा आपण मोकळं जायचं का.

खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर तीन डबे उभे राहिले. पाळकीणबाई कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या. साहेबांचा पाय बँडेजमध्ये, आणि त्या बँडेजचा वास आमच्या डब्यांच्या वासात मिसळलेला. कंडक्टरनं झाकण उघडलं. ते म्हणाले, दवाखान्याचं पाणचट खाऊन कुणी बरं झालंय का साहेब, दोन तुकडे खावा, रक्त भरंल. काका मागं कसे राहतील? त्यांनीही शिऱ्याचा डबा उघडला.

“तुपातला हाय,” काका म्हणाले. “तुपाला शुगर नसती.”

पाळकीणबाई म्हणाल्या की डॉक्टरांनी मनाई केली आहे. काका म्हणाले की चमचाभरानं काय होतंय. आणि साहेब हसले, तेच लाजरं हसू, आणि त्यांनी चमच्यासाठी हात पुढं केला. हात पुढं करताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या खोलीत मागं जायला जागा नव्हती.

“खाऊ नका,” मी म्हणालो.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि मी सगळं सांगितलं. पऱ्हाट्या, बोटं, तांब्या, नॅपकिन. सांगायला फार वेळ लागला नाही.

काकांनी डब्याचं झाकण लावलं. ते खाली बघत होते. कंडक्टरचा आवाज मी पहिल्यांदाच इतका हळू ऐकला.

“म्हंजे आमचं वकून टाकायचे आन् तुमचं पोटात ऱ्हायचं,” ते म्हणाले. “म्हणून गप बसला व्हय मास्तर एवढे दिवस?”

मी नाही म्हणालो. पण तो घाव बरोबर जागी बसला होता. कधी कधी, साहेब माझ्याकडं जेवून पायरी उतरताना, माझ्या मनात खरोखरच आलं होतं की शेवटी पोटात राहतं ते आपलंच. मला त्याचं बरं वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पाळकीणबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. “मला तरी सांगायचं होतं, भाऊ,” एवढंच त्या म्हणाल्या. साहेबांनी चादर तोंडावर ओढली. चादरीखालून आवाज आला की आता सगळे जा.

परतीच्या गाडीत बायको खिडकीपाशी बसली. डबा मांडीवर, तसाच भरलेला. ती म्हणाली, “तांब्या त्याच्यासाठी ठेवत होता का?”

मी हो म्हणालो.

“मला त्या मटणाच्या वासानं मळमळायचं,” ती म्हणाली. “तुमाला कधी बोलले न्हाई. काकूला तो शिरा हालवून हालवून खांदा धरायचा, तीबी न्हाई बोलली कधी. साहेबाला नको होतं, तुमाला बघवत नव्हतं. मग ते जेवण पायजे कुणाला होतं?”

 

साहेबांचं एक बोट गेलं. पाय राहिला. पावसाळा संपता संपता ते काठी टेकत परत आमच्याकडं यायला लागले, आणि येताना पाळकीणबाईंनी दिलेला डबा पिशवीतून आणायला लागले. उपासना झाली की चर्चच्या बाजूच्या कडुलिंबाखाली बसून ते तो खातात. काका तब्येत विचारतात आणि घरी जातात. कंडक्टर तेवढंही विचारत नाहीत. मंडळीचं नाक कापलं, असं ते माझ्याबद्दल गावभर सांगतात. पहिल्या वेळी कुणीही साहेबांना पाणीसुद्धा विचारलं नाही. तीन घरचं जेवण बंद झालं, आणि त्याच्या खाली दुसरं काहीच नव्हतं, हे सगळ्यांना उघड दिसलं.

मागच्या महिन्यात बायको म्हणाली की आपणही तिथंच जाऊन बसू. तिनं आमच्या दोघांच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून घेतली. आम्ही लिंबाखाली बसलो. साहेब दोडक्याची भाजी आणि पोळी खात होते. कुणी कुणाला आग्रह केला नाही. खाता खाता त्यांची नजर बायकोच्या भाकरीवर गेली. त्यांनी एकदा इकडं तिकडं पाहिलं, आणि म्हणाले, “वहिनी, चतकोर भाकर द्याल का? लय दिवसांत चुलीवरची खाल्ली न्हाई.”

इतक्या वर्षांत त्यांनी आमच्या गावात काहीतरी मागितल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. बायकोनं भाकरी मोडून अर्धी पुढं केली. ते चतकोरच म्हणाले होते. ती म्हणाली, “मोडताना चुकली, आता तुमीच निस्तरा.” आणि ती हसली. साहेबही हसले. त्यांनी चतकोर ठेवून उरलेली तिला परत दिली आणि तिनं ती घेतली, लगेच तोंडात घातली, वाईट वाटून न घेता.

माझ्या हातातही भाकरी होती. ती पुढं करावी असं माझ्या मनात आलं. आणि ती मला का पुढं करायची आहे हेही मला त्याच क्षणी समजलं: बायकोनं दिली आणि मास्तरांनी दिली नाही, असं होऊ नये म्हणून. मला स्वतःची तीच जुनी शिसारी आली. मी हात मागं घेतला, भाकरी मोडली, चटणीला लावली आणि माझी मी खाल्ली.