मी नुसती मधी हाय

डाक्तर हळू बोलले, "श्वास फार थोडा उरलाय. भेटून घ्या," नि वळले. आमच्या यांनी माजा दंड धरला, हातानं विचारलं, काय बोलला? माज्या कडेवर पोर, रडून लालबुंद. हातानं बोलायला दोन हात लागतात, म्हनून पोराला तितंच दवाखान्याच्या फरशीवर ठेवला. यांना बाहेर ओढलं तर हे हलंनात. आनि खाटेवर वन्सं जाग्या... न्युमोनियानं आवाज गेलेला, पन डोळं माज्या हातांवर.

वन्सं म्हंजे माजी मोठी ननंद, हिराबाय. आमचे हे जन्माचे बहिरे, मिठागरात कामाला. लहानपनी दोघा भावंडांनी हातांची बोली जमवली. तवापासनं यांचं जगाला नि जगाचं यांना, हिराबायच सांगायच्या.

मला बघायला पनवेलास आले, पोहे दिले. यांनी हात हालवले. वन्सं सगळ्यांदेखत बोलल्या, "मीठ जास्त झालंय."

माजी आय तापली. "असं तोंडावर सांगतात व्हय गो?"

"मी कुठं सांगतेय? तो सांगतोय. मी नुसती मधी हाय."

मी दाराआड पुटपुटले, मिठागरातला मानूस नि मीठ खपत नाय! वन्संनी ते पन हातानं सांगून टाकलं. हे असे हसले... लग्न तितंच ठरलं.

मंग आमची भांडनं पन त्यांच्याच हातातनं चालायची. माजा एक टोमना गाळला नाय, यांचा एक नाय. एकदा चुलीपाशी बसून म्हनाल्या, "आता जेवा गो. भांडताय तुमी, हात दुखतात माजे." हळूहळू मला पन शिकवलं. मी कायतरी गाळलं की डोळं वटारायच्या. "गोड करून सांगू नको. देवानं त्याला बहिरा केलाय, येडा तू नको करू."

त्या दिवशी खाटेवरनं तसंच डोळं वटारलं. मी हातानं सांगितलं. सगळं.

हे खाटेवर कोसळले. वन्संचे दोनी हात मुठीत घट धरून रडाय लागले. आनि त्या मुठीत वन्संची बोटं वळवळत होती... कायतरी सांगायचं होतं त्यांना. आवाज नव्हता, हातच होते, नि ते भावानं धरलेले. मी यांचं मनगट धरलं, तर यांनी अजून आवळलं. मी हात मागं घेतला. थोड्या वेळानं बोटं थांबली.

वन्संना जाऊन महिना झाला. बोटं हलत होती ते यांना कळलं होतं. रोज जेवताना मला विचारतात, ती काय सांगत होती? बनवून सांगायला मला वन्संनी शिकवलं नाय, मी मान हालवते नि ताट वाढते.

तुमी वाचनारी मानसं, शिकलेली. तुमी काय केलं असतं? रडनाऱ्या भावाच्या मुठीतनं बहिनीचे हात सोडवले असते?