सोफ्यावरची ऑर्किडं

नेरुळ नुकतंच वसत होतं तेव्हा आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ डिसेंबर लागला की ऑर्किडच्या कुंड्या गॅलरीतून आणून सोफ्यावर मांडत. आम्ही उभ्यानेच चहा प्यायचो. "परदेशी आहेत हो, गारठा सोसत नाही," ते दरवेळी सांगत.

एकदा साताऱ्याहून आलेली त्यांची आई माझ्यादेखत गॅलरीतल्या तुळशीकडे बघत म्हणाली, "मागच्याच महिन्यात लेकीगत लगीन लावलंस हिचं. ती बाहेर कुडकुडतीय, आन् ह्या बसल्यात सोफ्यावर."

ते चहावरची साय बोटाने काढत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीभोवती त्यांचा ऑफिसचा मफलर गुंडाळलेला होता. बसस्टॉपवर ते उघड्या कानांनी उभे होते. मला पाहताच बस आल्यासारखी त्यांनी मान वळवली. रस्ता रिकामा होता.