इर्याच्या टीव्हीचं कुलूप

इर्या माझ्या समोरच्या दारात राहते. कोत्का शहराच्या बंदराकडे तोंड केलेल्या या इमारतीत आम्ही दोघी इतकी वर्षं शेजारी आहोत, की जिन्यावरच्या पावलांवरून एकमेकींचा मूड कळतो. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उभी हयात गेली. दर गुरुवारी शेकडो पोरांना वाटाण्याचं सूप वाढलं आणि एकाचंही नाव विसरली नाही. बोलायला तिखट. शुक्रवारी टीव्हीवर खुनाची मालिका लागायची, तेव्हा तिच्या घरी फोन करायची कोणाची छाती नव्हती. "आठवड्यात एक तरी खून झाल्याशिवाय मला झोप लागत नाही," म्हणायची.

नवरा तैस्तो बंदरावर क्रेन चालवायचा. शांत माणूस. मूळचा करेलियाचा, युद्धात सरहद्द सरकून तो मुलूख पलीकडे गेला तेव्हा आईच्या कडेवर बसून आगगाडीतून इकडे आला. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. सत्तरी ओलांडल्यावर त्याचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसं.

त्या हिवाळ्यात बातम्यांत रोज लढाई दिसायची. एका संध्याकाळी पडद्यावर रेल्वे स्टेशन दाखवलं. बोचकी, कडेवरची पोरं, खिडकीला चिकटलेले हात. इर्या स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. तैस्तो उठला, राईचा पाव उशीच्या अभ्र्यात घातला आणि दार उघडून गेला. बर्फात मोजे भिजवत स्टेशनात उभा असलेला तो तिथल्या एका आगगाडीच्या ड्रायव्हरला सापडला. "आई अजून आली नाही," तो सांगत होता. "ती आल्याशिवाय गाडी सोडू नका."

तेव्हापासून दाराला कुलूप लागलं आणि किल्ली इर्याच्या गळ्यात आली.

घरी येणारी नर्स म्हणाली, "टीव्ही काढूनच टाका."

"टीव्ही काढला तर मी अंघोळ कधी करायची?" इर्यानं विचारलं. टीव्ही चालू असला की तैस्तो खुर्चीत बसायचा. बंद असला की तो दार शोधायचा.

मग तिनं मला बोलावलं. मी चष्मा लावून सेटिंगमध्ये शिरले आणि लहान मुलांसाठीचं कुलूप शोधून काढलं. बातम्यांचं एकेक चॅनल बंद केलं. नंतर टीव्हीनं मुलाचं वय विचारलं. खाली वयांची यादी होती.

इर्या खुर्चीच्या हातावर टेकली. तैस्तो शेजारीच बसून संत्र्याची साल जपून सोलत होता.

"सात टाक," ती म्हणाली.

"बारा टाकू या का? थोडं तरी बघण्यासारखं राहील."

"बाराव्या वर्षी पोरं घरातून पळतात. सात टाक."

मग गुप्त आकडा हवा होता. तिथे आम्ही अडलो. तैस्तो बायकोचं नाव विसरला होता, पण आकडे नव्हता विसरला. क्रेनवरच्या माणसाला आकड्यांचीच सवय; घरातली कुठलीही तारीख त्यानं ओळखली असती. शेवटी टेबलावरच्या दुधाच्या खोक्यावरचे चार आकडे मी घातले.

कुलूप छान बसलं. तैस्तोसमोर दिवसभर बाहुल्या, बोलकी अस्वलं, पक्ष्यांची घरटी. तो खूश. आणि त्याच्या शेजारी इर्या, तेच बघत. सुरुवातीला तो झोपला की ती हळूच आपली मालिका लावायची. एकदा तो मधेच जागा झाला, पडद्यावरचं प्रेत बघितलं आणि स्वयंपाकघरातले सगळे सुरे भिंतीलगतच्या कपाटामागे टाकून आला. तिनं तो नाद सोडला. शुक्रवारी माझ्याकडे यायची, पण दोन्ही दारं सताड उघडी ठेवून, आणि कान पलीकडे. खुनी कोण ते कळायच्या आत उठून जायची.

"मला त्या अस्वलाचं गाणं पाठ झालंय," एकदा कॉफी ओतताना म्हणाली. "काल दुकानात गुणगुणत होते. गल्ल्यावरची पोरगी विचारते, नातवंडं आलीत का? मी म्हटलं, हो, एक आलंय. जायचं नाव घेत नाही."

वसंतात तैस्तोची मोठी बहीण हेल्वी आली. सरळ पाठीची, फटकळ बाई. आल्या आल्या तिनं भावाला बाहुल्यांचा कार्यक्रम बघताना पाहिलं. मी तेव्हा केक घेऊन तिथेच होते.

"हे काय लावलंय?"

"त्याला आवडतं," इर्या म्हणाली.

"आवडतं की दुसरं काही ठेवलंच नाहीस? बंदर हलवणारा माणूस होता हा. तू त्याला बालवाडीत घातलंस."

"मग बालवाडीच्या बाई तुम्ही व्हा. आठवडाभर राहा. मी तुमच्या घरी जाऊन झोपते."

हेल्वीनं ते न ऐकल्यासारखं केलं. रिमोट उचलला, बातम्यांचं चॅनल दाबलं. पडद्यावर कुलपाचं चित्र आलं आणि चार रिकाम्या चौकटी. तिनं रिमोट भावाच्या हातात दिला. "घे. तुझं घर आहे. तूच उघड."

तैस्तोनं चौकटींकडे बघितलं. त्याचा चेहरा बदलला. काम समोर आल्यावर माणसाचा होतो तसा. अंगठा नीट ठेवून त्यानं चार आकडे दाबले. चूक, असं टीव्ही म्हणाला.

इर्याच्या हातातली बशी तशीच राहिली. "माझा वाढदिवस," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा दाबले. ती त्यांच्या लग्नाची तारीख होती. चूक. मग आणखी एक. "त्याच्या जुन्या क्रेनचा नंबर," इर्या अगदी हळू म्हणाली. तोही चूक. टीव्हीनं मग थोडा वेळ काही घ्यायचंच नाकारलं. तैस्तोनं रिमोट मांडीवर ठेवला आणि इर्याकडे वळून नम्रपणे म्हणाला, "माफ करा, सिस्टर. आमचं घर उघडत नाहीये."

हेल्वी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ बंदराकडे बघत होती. जाताना तिनं इर्याचे हात धरले, पण राहते मात्र म्हणाली नाही.

त्यानंतर तैस्तोला तो छंदच लागला. इर्या स्वतःच ते कुलपाचं चित्र आणून द्यायची आणि तो तारखा दाबत बसायचा. लेकीचा जन्म, पहिल्या घराचा नंबर. "माझ्या वाढदिवसापासूनच सुरू करतो," इर्या मला सांगायची. "तोंडानं मात्र सिस्टर." खरा आकडा त्याला सांगावा असं तिला कितीदा वाटलं. आकडा सांगितला असता तर पडद्यावर स्टेशन आलं असतं. ती गप्प राहायची, टीव्ही चूक म्हणायचा.

पानं झडायला लागली तसे त्याचे आकडे कमी झाले. आधी घराचा नंबर गेला, मग क्रेन. शेवटी तो रिमोट नुसता हातात धरून बसायला लागला.

एका संध्याकाळी इर्यानं मला बोलावून कुलूप काढायला लावलं. वय काढलं, चॅनलं उघडली. बातम्या सुरू होत्या. पुन्हा तीच माणसं, तीच बोचकी, गाडी सुटत होती. आम्ही दोघी तैस्तोकडे बघत होतो. तो अस्वलाकडे बघायचा तसाच बघत होता.

"ऊठ ना," इर्या त्याला म्हणाली. "तैस्तो, गाडी चाललीय."

त्यानं तिच्याकडे बघून हसल्यासारखं केलं.

आता ती शुक्रवारी माझ्याकडे येत नाही, यायची गरज नाही. घरीच त्याच्या शेजारी बसून मालिका शेवटपर्यंत बघते. काल जिन्यात भेटली तेव्हा मी विचारलं, खुनी कोण निघाला?

"लक्ष नव्हतं गं," ती म्हणाली, आणि त्याला भरवायची वेळ झाली म्हणून आत गेली.