कुमुदच्या पानावर

साडेदहा वाजलेत. माईंनी दिलेली हिरवी सुती साडी नेसून मी तयार आहे आणि बारा वाजेपर्यंत करण्यासारखं काही नाही, म्हणून जरा पाठ टेकते. बारा वाजता मला शेजारी माईंच्या घरी एका मेलेल्या बाईच्या जागी जेवायला बसायचं आहे.

ती बाई म्हणजे कुमुद. माझी मैत्रीण, माईंची सून. दोन वर्षांपूर्वी गेली, नवरा मागे ठेवून. अशी जी जाते, तिच्या नावानं पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालतात. सवाष्ण पोटभर जेवली की गेलेली तृप्त होते, असं माई मानतात. काल कुंकू लावायला आल्या तेव्हा साडी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "पमे, पानात काही टाकायचं नाही हं. गेल्या वर्षीची सवाष्ण निम्मं टाकून उठली. तेव्हापासून कुमुद माझ्या स्वप्नात उपाशी येते."

आठ महिन्यांपूर्वी माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. आता पोट उरलंय ते केळ्याएवढं. आधी डाळ, मग भाजी, गोडाला हात नाही, आणि चार-सहा घासांत कारभार आटोपतो. मागच्या पंधरवड्यात गौरीजेवणाला याच माईंच्या आग्रहाखातर एक पुरणपोळी खाल्ली आणि तासभर न्हाणीच्या फरशीवर घामाघूम पडून होते. छाती अशी धडधडत होती की मला वाटलं, झालं, आता मीही कुमुदच्या रांगेत. डॉक्टरांनी फोनवर एकच विचारलं, "कुणासाठी खाल्लीत?"

पलीकडून वडे तळल्याचा वास येतो आहे. पंखा फिरतो आहे, आणि मग फिरतो आहे की नाही ते नीट कळत नाही. कॉटच्या कडेला कुणीतरी बसतं आणि सगळी कॉट त्या बाजूला कलते. एवढी कलते म्हणजे एकच बाई.

"सरक की," कुमुद म्हणते.

मी सरकते. ती माझ्याकडे खालून वर बघते.

"अगं, केवढी जागा झालीय तुझ्या बाजूला!"

"बेचाळीस किलो गेले."

"मला वाटलंच. कुणीतरी ओळखीचं गेल्यासारखं वाटत होतं."

ती हसते, पोट धरून, पूर्वीसारखी. मीही हसते, आणि हसता हसता लक्षात येतं की आपण कॉटवर नाही, पाटावर बसलोय. भोवती रांगोळी आहे. पुढे केळीचं पान आणि त्यावर खीर, वडे, अळूची भाजी, कढी, तुपानं निथळणारी पुरणपोळी. वाढणाऱ्या बायकांना तोंडं नाहीत, नुसते बांगड्या भरलेले हात आहेत. मी एक घास उचलते तोवर दुसरा हात तिथे दोन ठेवतो.

"घ्या हो, एका वड्यानं काय होतंय?"

"सणाचंच तर आहे."

"उद्यापासून करा तुमचं डाएट."

पान माझ्या गुडघ्यांपर्यंत येतं, मग कमरेपर्यंत. मला रडू फुटतं.

"कुमे, खरं सांग. उपाशी आहेस का तू?"

"मी?" ती मांडीवर थाप मारते. "लग्न झाल्यापासून मला कुणी उपाशी राहू दिलंय का? माईंच्या स्वप्नात मी तोंड उघडते ते बोलायला. त्यांना वाटतं, घास मागतेय. लगेच भरवायला धावतात."

"मग बोलत का नाहीस?"

"तोंडात घास असतो ना!"

पाट थरथरतो आणि खाली आकडे दिसायला लागतात. आम्ही डॉक्टरांच्या वजनकाट्यावर उभ्या आहोत, दोघी एकदम. कुमुद होती तेव्हा एकदा अशाच चढलो होतो, गंमत म्हणून, आणि काट्यानं हात टेकले होते. नर्स ओरडली होती. त्याच दिवशी दोघींना ऑपरेशनची तारीख मिळाली आणि कुमुदनं पदराला गाठ मारली होती. तिची ती सवयच. दळण टाकायचं, गाठ. गॅसचा नंबर लावायचा, गाठ. संध्याकाळपर्यंत पदराला चार गाठी लटकत असायच्या.

"ती गाठ मी किती वेळा सोडली, माहितीय?" ती काट्यावरूनच विचारते.

माहीत कसं नाही? घरी म्हणाले, आधी दिवाळी होऊ दे, सणासुदीत घरची सून काय पेज पिऊन बसणार? मग संक्रांत होऊ दे. मग पाडवा. मी तिच्यासाठी म्हणून थांबत राहिले. ती दर वेळी गाठ सोडायची आणि नव्या तारखेची मारायची. श्रावणात, नागपंचमीच्या दिवशी, स्वयंपाकघरात जरा टेकते म्हणून बसली ती उठलीच नाही. शेगडीवर सगळ्यांसाठी पुरणाची दिंडं उकडत होती.

"मी तुला टाकून पुढे गेले," मी म्हणते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "एकटीच जाऊन ऑपरेशन करून आले. तुझा फोटो असलेल्या भिंतीकडे मी बघत नाही, कुमे."

"वेडी आहेस. तू गेली नसतीस तर आज दोघींसाठी मिळून एकच सवाष्ण शोधावी लागली असती. आणि आपल्या दोघींचं जेवण एकटी कोण संपवणार होती?"

आता आम्ही दूध डेअरीच्या बाकावर आहोत, जिथे रोज सकाळी चालायला म्हणून निघून भडंग खात बसायचो. बाकाच्या एका टोकाला तेच पान आहे, भरलेलं. कुमुद त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

"ऐक," ती म्हणते. "आज माझ्या पानावर तू बसणार ना?"

"हो."

"तू जे करशील ते मला पोहोचेल ना?"

"माई तरी तसंच म्हणतात."

"मग पोळी नको पाठवूस. पोळ्या मी पोतंभर खाल्ल्यात. माझं एक राहून गेलंय. मी पानावर बसून कधी 'पुरे' म्हटलं नाही. एकदासुद्धा नाही. म्हणायला जायचे तोवर कुणीतरी वाढलेलं असायचं, आणि मग मी म्हणायचे, छान झालंय हं." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक होतो. "ते एवढं म्हण माझ्यासाठी. मोठ्यानं म्हण. माईंच्या तोंडावर."

"त्या रडतील."

"रडू देत. आवंढ्याबरोबर गिळायचं सगळं मीच का? विसरशील तू. थांब."

ती माझा पदर ओढते. तिचे हात ओले आहेत, कणकेचे. दोन वेढे घेते, दातांनी खेचून गाठ आवळते.

"पमेऽऽ! पानं वाढलीत गं!"

ही हाक माईंची आहे, खिडकीतून. पंखा फिरतोय. बाराला पाच कमी आहेत. कॉटवर मी एकटीच आहे, आणि उठून पदर सावरते तेव्हा तो हाताला अडतो. टोकाला गाठ आहे. दुहेरी वेढ्याची, दातांनी आवळल्यासारखी घट्ट. मी अशा गाठी मारत नाही, मला येतही नाहीत. नखानं जरा सोडवून बघते. हलत नाही. मग सोडवायचं सोडूनच देते.

स्वयंपाकघरातून माझी मापाची छोटी वाटी घेते. डाळ, दोन घास अळूची भाजी, बस्स. माईंना वाईट वाटेल. त्यांनी पहाटेपासून पुरण वाटलंय आणि मला त्यांचा राग नाही, त्यांनाही सून गेल्याचं दुःख आहेच. पण त्यांच्या सुनेचा निरोप मी पुरणाखाली दाबून टाकणार नाही. माई रागावल्या तर रागावल्या. गल्ली काय म्हणायचं ते म्हणो. आणि यानंतर नवरात्र आहे, दसरा आहे, दिवाळी आहे, त्या सगळ्यांनाही हेच उत्तर आहे.

"आले, माई!" मी ओरडते.

गाठीचा पदर कमरेला खोचते आणि दारात एकदा म्हणून बघते, "पुरे." घसा खाकरून पुन्हा म्हणते, आणखी मोठ्यानं.