रफूवाल्याच्या घरचा नवा लॅपटॉप

रफूवाल्याला आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते त्याच्या बायकोखेरीज कुणाला आठवत नसावं, आणि तीही 'अहो' म्हणूनच भागवायची. दुकानाच्या पाटीवर 'येथे रफू करून मिळेल' एवढंच लिहिलेलं. दुकान म्हणजे तरी काय, एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. एक मोठी खिडकी, खिडकीला लागून लांब टेबल, इस्त्री, सुयांचा डबा, आणि मागं दाराआड एक खोली, तेच घर. तीस वर्षं त्या खिडकीच्या उजेडात बसून या माणसानं लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवली. सिगारेटनं जळालेले कोट, उंदरानं कुरतडलेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार धागे काढायचे आणि भोकावर एक वर, एक खाली असं विणत जायचं. मान मोडते, डोळे जातात, पण भोक जातंच.

आणि त्याचा एक रिवाज होता. त्याच्या गुरूनं घालून दिलेला. काम झालं की कपडा गिऱ्हाइकापुढं टाकायचा आणि गप्प बसायचं. रफू कुठं केलाय ते दाखवायचं नाही. गिऱ्हाईक कपडा खिडकीकडं धरणार, डोळे बारीक करणार, स्वतःच्याच हातानं जाळलेलं भोक स्वतःच शोधत बसणार, आणि शेवटी म्हणणार, "सापडत नाही हो!" हे शब्द कानावर पडले की मगच पैसे घ्यायचे. सापडलं तर काम फुकट. तीस वर्षांत तिघांना सापडलं. त्या तिघांचे चेहरे त्याला अजून आठवतात, मेल्यांचे!

त्यातला एक मात्र त्याच्या स्वतःच्या लेकीमुळं. ती तेव्हा पाच वर्षांची, टेबलाखाली लाकडी बाहुलीसारखी बसून असायची, म्हणून सगळे तिला ठकी म्हणत. एक गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करत होतं, आता 'सापडत नाही' म्हणणार इतक्यात ठकी टेबलाखालून बाहेर आली आणि बरोब्बर जागेवर बोट ठेवून म्हणाली, "हे काय, इथं!" गिऱ्हाईक हसत हसत फुकटात कोट घेऊन गेलं. रफूवाल्यानं हात उगारला नाही. तिला मांडीवर घेऊन एवढंच सांगितलं, "पोरी, रफूवर बोट ठेवायचं नाही. ज्यानं केलाय त्याचा जीव असतो त्यात." ठकीनं ते असं काही मनावर घेतलं की पुढं तिनं कुणाच्याच कशावर बोट ठेवलं नाही.

ठकी नववीत गेली आणि शाळेत एक नवा वर्ग निघाला. घरांचे, पुलांचे नकाशे संगणकावर काढायला शिकवणारा. जागा वीसच. ज्याला यायचंय त्यानं चार महिन्यांत आपल्या लॅपटॉपवर एका घराचा पूर्ण नकाशा काढून द्यायचा, त्यातून वीस जण निवडणार. ठकी तर लहानपणापासून घरंच काढत आलेली. कपडे बांधून द्यायचा तपकिरी कागद असायचा, त्याच्या मागच्या बाजूला. सबंध आयुष्य एका खोलीत गेलेलं, त्यामुळं तिच्या घरांत खोल्या ढीगभर. तो वर्ग मिळावा म्हणून ती जेवता जेवता हवेत बोटानं भिंती काढायला लागली होती. आई ओरडायची, "अगं, भिंती पाडून आधी ताटातलं संपव!"

लॅपटॉप घ्यायला तिघं गेले. रफूवाला, ठकी आणि ठकीचा मामा. मामा एका कचेरीत संगणक दुरुस्त करायचा, म्हणजे या बाबतीत घरातला एकमेव शहाणा. दुकानातल्या बाईनं दोन लॅपटॉप समोर ठेवले. एक जुना, दुरुस्त करून विकायला आणलेला. दुसरा कोरा करकरीत, पेटीतला, पेटीवरची चिकटपट्टीही न फोडलेली. किंमत दोन्हींची जवळजवळ सारखीच.

"भाऊजी, डोळे झाकून हा जुना उचला," मामा म्हणाला. "मोठ्या कंपनीनं तीन वर्षं वापरून काढलेला. आतून साफ केलाय, बॅटरी नवी घातलीय, वर वर्षाची हमी. याच्यात दम आहे. तो नवा म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पत्रंबित्रं लिहायला ठीक, नकाशाचं काम त्याला झेपायचं नाही."

आता यापेक्षा स्वच्छ कुणी काय सांगायचं? पण रफूवाल्यानं जुना हातात घेतला, सवयीप्रमाणं उलटा केला आणि मागच्या स्क्रूवरून अंगठा फिरवला. एका स्क्रूचं डोकं किंचित झिजलं होतं.

"हा उघडलाय," तो म्हणाला.

"काका, उघडल्याशिवाय दुरुस्त कसा होणार?" बाई हसली.

हे उत्तर त्यानं स्वतः शेकडो गिऱ्हाइकांना दिलेलं. पण आज ते त्याच्या घशाखाली उतरेना. रफू कितीही नामी असो, उलट्या बाजूनं जाणत्याला कळतोच, आणि कपडा पुन्हा फाटला तर रफूच्या कडेनंच फाटतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? लोकांना सांगायचं 'नव्यासारखं झालंय', आणि मनात माहीत असायचं की नव्यासारखं म्हणजे नवं नव्हे.

तेवढ्यात ठकीनं जुन्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मला हाच चालेल."

घात झाला तो इथं. कारण ठकी जन्मभर 'चालेल'च म्हणत आली होती. मावसबहिणीचे उतरलेले फ्रॉक, चालेल. आईच्या पिशवीचं केलेलं दप्तर, चालेल. गिऱ्हाइकानं न नेलेला, कोपरावर रफू केलेला स्वेटर, चालेल बाबा, मस्त आहे. पोरीनं उभ्या जन्मात एकदाच मनापासून हवं ते मागितलं, आणि बापाला वाटलं, ही आपली परिस्थिती बघून बोलतेय. तो म्हणाला, "नाही. आयुष्यात एक तरी वस्तू हिच्याआधी कुणी वापरलेली नको. तो नवा द्या." मामानं कपाळाला हात लावला. ठकीनं तोंड उघडलं, बापाच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मिटलं. पेटीची चिकटपट्टी घरी येऊन तिनंच फोडली. हसलीसुद्धा.

लॅपटॉप टेबलावर आला. खिडकीशी रफूवाला, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्याकडं तोंड करून ठकी, मधे उघडा लॅपटॉप. शाळेतून आली की ती त्याच्यापुढं बसायची. बापाला झाकणाची पाठ दिसायची, चकचकीत, वरचं प्लास्टिकही आईनं काढू दिलेलं नाही. कपडा न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना तो हनुवटीनं दाखवायचा. "लेकीचा आहे. नवा. पेटीतला." उलटी बाजू तपासून पोट भरणाऱ्या माणसापुढं अडीच महिने उलटीच बाजू होती, आणि हा पठ्ठ्या एकदाही उठून सुलटी बघायला गेला नाही. काय बोलायचं आता!

एका दुपारी त्याची सुई पडली. शोधत शोधत तो टेबलाखाली वाकला आणि सुई घेऊन उठला तो ठकीच्या बाजूला. पडद्यावर एक अर्धी भिंत होती आणि मधोमध एक गोल चकरी गरागरा फिरत होती. आणि पडद्याच्या आडोशाला, टेबलावर, तपकिरी कागद पसरलेला. त्यावर पेन्सिलनं काढलेलं अख्खं घर. जिना, स्वयंपाकघर, आईची खोली, आणि सगळ्यात मोठ्या खिडकीपाशी बारीक अक्षरात लिहिलेलं, 'बाबांचं टेबल'.

ठकीनं झटकन कागदावर हात आडवा घातला.

"काय गं हे?"

"काही नाही बाबा. तो जरा विचार करतोय. तोवर मी कच्चं काढते."

"किती वेळ विचार करतो?"

"करतो थोडा वेळ. मोठं घर आहे ना."

तो जागेवर येऊन बसला. चकरी फिरतच असणार, कारण ठकीचा हात पेन्सिलीवरच होता. त्यानं तडक मामाला फोन लावला. मामा आधी आढेवेढे घेत राहिला, मग म्हणाला, "भाऊजी, पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. नकाशाचा प्रोग्रॅम त्याच्यावर उघडतो, पण दोन भिंती काढल्या की थिजतो. ठकीनं मला शपथ घातली. म्हणाली, बाबा गिऱ्हाइकांना दाखवतात तो, त्यांना कळू देऊ नकोस. रोज मधल्या सुट्टीत शाळेच्या संगणकावर बसते. अर्धा तास मिळतो, तोही रांग नसली तर."

म्हणून डबा भरलेला परत येत होता! 'भूक नव्हती' म्हणायची, आणि आई बिचारी रोज भाजी बदलून बघत होती.

दुसऱ्या दिवशी ठकी शाळेत गेल्यावर तो लॅपटॉप पेटीत घालून दुकानात गेला. बाई चांगली होती, वाईट म्हणायला जागा नाही. "काका, पेटी उघडली की तो जुनाच," ती म्हणाली. "परत घेतला तर त्या फळीवर जाईल, दुरुस्तवाल्यांत. निम्मेही पैसे यायचे नाहीत."

"आणि तो? कंपनीनं वापरलेला?"

"तो तर त्याच संध्याकाळी गेला. एका मुलीनंच नेला."

"बरं, याच्यातच काही जास्तीचं घालता येईल? ताकद वाढवायला?"

"नाही हो. याचं सगळं आत चिकटवूनच येतं. वरून घालायला जागाच ठेवत नाहीत."

त्याला ते पटकन कळलं. कपडा कितीही साधा असो, शिवणीत चार धागे जास्तीचे असतात, त्यांच्या जिवावर रफू होतो. ज्याच्या शिवणीत काहीच नाही, त्याला कोण काय करणार? पेटी काखेत धरून तो रस्त्यावर येऊन उभा राहिला. माणसं धक्के मारून पुढं जात होती. आयुष्यात इतकं निरुपयोगी त्याला कधी वाटलं नव्हतं. दोन मोठे हात, तीस वर्षांची विद्या, आणि स्वतःच्या पोरीचं फाटलेलं सांधायला धागा नाही.

तो शाळेतही गेला. कागदावरचा नकाशा चालेल का म्हणून फाटकाशीच विचारलं. आतून निरोप आला, चालणार नाही, संगणकावरचाच हवा.

मग राहिला प्रश्न, आपल्याला कळलंय हे ठकीला सांगायचं का. सांगितलं, तर अडीच महिने उपाशी राहून पोरीनं केलेल्या कामावर बोट ठेवल्यासारखं. न सांगितलं, तर समोर बसून ती चकरी फिरताना झाकणाची पाठ बघत राहायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! बायकोला मात्र त्यानं सगळं सांगितलं. तिखट जिभेची बाई, पण तिनं आधी डब्याचं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून डब्यात पोळीची गुंडाळी द्यायला लागली, उभ्या उभ्या खाता येईल अशी. आणि रफूवाला? तो रोज सकाळी ठकीच्या पेन्सिलींना टोक करून ठेवायचा. तेवढंच त्याला जमण्यासारखं होतं.

चार महिने संपले. त्या दिवशी ठकी शाळेतून आली, दप्तर ठेवलं, हातपाय धुतले, टेबलाशी येऊन उभी राहिली. आईही दारात आली.

"बाबा, मी नकाशाच्या वर्गाचं सोडून दिलं," ती म्हणाली. "नकाशा दिलाच नाही. नंतर नंतर कंटाळाच आला हो मला. डोळेही दुखतात. त्यापेक्षा भाषेचा वर्ग घेतला, तिथं नुसतं लिहायचं असतं. लॅपटॉप तर तिथं एकदम मस्त चालेल."

एका दमात सांगितलं. आवाज हलला नाही, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. किती वेळा मनात म्हणून आली असेल, कोण जाणे.

"अगं, पण..." आईनं सुरुवात केली. रफूवाल्यानं तिच्याकडं न बघता हात वर केला, तशी ती थांबली.

त्यानं ठकीच्या हनुवटीला दोन बोटं लावली आणि तिचा चेहरा खिडकीकडं वळवला. उजेडात नीट पाहिलं. एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. ठकी श्वास रोखून उभी.

"सापडत नाही गं," तो म्हणाला.

टेबलाखाली बसून ज्या पोरीनं हे शब्द हजार वेळा ऐकले, तिला त्यांचा अर्थ काय सांगायचा? तिची हनुवटी त्याच्या बोटांवर थरथरली, आणि मग तिनं बापाच्या खांद्यात तोंड खुपसलं. तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला.

बऱ्याच वेळानं त्यानं टेबलावरचा कोट पुढं ओढला. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. त्यानं दोनदा सुईच्या नाकाशी दोरा नेला, दोनदा तो हुकला. मग सुई-दोरा त्यानं ठकीच्या हातात दिला.

"एवढं ओवून दे," तो म्हणाला. "मला दिसत नाहीये."