मागावरची कापलेली टोकं

मी नागपूर सोडलं त्या सकाळी बाबा मागावरून उठले नाहीत. ऑटो दारात उभा, आई डोळे पुसतेय आणि बाबांचा धोटा आपला खटाखट चालूच. "जा," मान वर न करता ते म्हणाले, "विणकराच्या पोरीले आता चित्रं काढाचे आहेत." आमच्या घरात माया अशी चिमटे काढूनच मिळायची.

बडोद्याच्या चित्रकलेच्या कॉलेजात कळलं की चिंध्यांना इथे 'मटेरियल' म्हणतात. मी शिंप्याकडची कातरणं, सिमेंटच्या गोणीची सुतळी, चहाची फडकी जोडून चित्रं करायचे. सर खूश व्हायचे. त्या कौतुकाची मला चटक लागली.

माझ्यासारखे जे विणकरांच्या घरातून निघून आलेत, त्यांना ठाऊक आहे. कापड उतरलं तरी ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, जुनी टोकं मागावरच ठेवतात, कारण नवा ताणा त्यांनाच एकेक धागा पिळून जोडायचा असतो. ते काम आई आणि मी करायचो. टोकं आहेत तोवर माग जिवंत, मग काम मिळो न मिळो.

पहिलं प्रदर्शन ठरलं तेव्हा मी आईकडे घरातला उरलासुरला धागा मागितला. पार्सल आलं. त्यात मागावरची सगळी टोकं होती, कापलेली. मी लगेच फोन लावला.

"काहून कापलं, बाबा?"

"तुले कचरा पाहिजे होता ना वं? घे. तुया भाऊ कोराडीले नोकरी करून राहिला, तू तिकडे. माग कोणासाठी ठेवू? लाकूड बी चुलीत गेलं."

मी खूप रडले. मग ती टोकं भिंतीवर टांगली. लाल, मोरपंखी, बाबांच्या हातांनी मळलेली. इतकं सुंदर माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि हेही मी केलेलं नव्हतं. ते बाबांनी रागाच्या भरात कात्रीनं केलं होतं. खाली नाव मात्र माझं लागलं. बघायला आलेली एक बाई म्हणाली, किती शांत वाटतं हे बघून!

आता घरी जाते तेव्हा बाबा पाय सोडून विणायला बसायचे तो मागाचा खड्डा बुजवून वर फरशी घातलेली दिसते. जेवायला बाबा मला बरोबर तिथेच बसवतात.

"बस. तुयासाठीच मोकळी केली जागा."

आई ताट वाढते. त्या घरात आता तेवढीच जागा माझी आहे. मला बाबांचा संताप येतो, आणि तरी पोटभर जेवावंसं वाटतं ते फक्त तिथेच.